परदेशी सिनेमा चंद्रपुरात का बघायचा?

दिवाळी होते, धान कापून घरात येतो आणि आपल्या झाडीपट्टीत नाटकांचा मोसम सुरू होतो. वडशाच्या नाटक कंपन्या गावोगावी फिरतात. दिवसा शंकरपट, रात्री नाटक. पडदा उघडायलाच दहा-अकरा वाजतात आणि नाटक संपतं तेव्हा पहाट होत आलेली असते. थंडीत चादरी गुंडाळून, लेकरं मांडीवर घेऊन माणसं बसलेली असतात. याच रंगभूमीवर आयुष्य घालवलेल्या परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा पुण्या-मुंबईच्या कित्येकांनी झाडीपट्टी हे नाव पहिल्यांदा ऐकलं.

हे आठवायचं कारण असं की मध्यंतरी घरच्याच एका बैठकीत मी म्हटलं, आपल्या मोहल्ल्यातल्या पोरापोरींना इराणचे, सेनेगलचे सिनेमे दाखवायला हवेत. एक भाईजान हसले. म्हणाले, "बाजी, आपल्या लोकांना काय कळणार त्यातलं? भाषा येत नाही, गाणी नाहीत, मारामारी नाही. कोण बसणार?" त्यांचं बोलणं मी मनावर घेतलं नाही. पण जी माणसं रात्रभर जागून नाटक बघतात ती दीड तासाच्या सिनेमाला बसणार नाहीत, हे मला पटत नाही. परदेशी सिनेमा इंग्रजी शाळेत शिकलेल्या शहरी लोकांसाठीच असतो, ही समजूत आपण स्वतःच करून घेतली आहे. त्यात नुकसान आपलं आहे. कसं, ते तीन-चार सिनेमांच्या आधाराने सांगते.

सुरुवात आनंदवनापासून करू. चंद्रपूर जिल्ह्यात शिकलेल्या आपल्यापैकी बहुतेकांची शाळेची एक तरी सहल वरोऱ्याला गेलेली असते. बाबा आमटे यांनी १९४९ साली महारोगी सेवा समिती स्थापन केली आणि त्यातून आनंदवन उभं राहिलं, हे आपल्याला पाठ असतं. मी सातवीत असताना गेले होते. एका आजोबांनी मला पाण्याचा ग्लास दिला. त्यांच्या हाताला बोटं नव्हती. मला तहान लागली होती, तरी मी "नको" म्हटलं. ते काही बोलले नाहीत. ग्लास त्यांनी मागच्या मुलीला दिला.

ते "नको" मला पुन्हा आठवलं ते फुरूघ फर्रुखजाद यांचा 'द हाउस इज ब्लॅक' बघताना. फुरूघ या इराणच्या मोठ्या कवयित्री. १९६२ साली त्यांनी तबरीझजवळच्या कुष्ठरुग्णांच्या वसाहतीत जाऊन हा जेमतेम वीस-बावीस मिनिटांचा माहितीपट केला. दिग्दर्शक म्हणून त्यांचा हा एकच सिनेमा. १९६७ मध्ये, वयाच्या ३२ व्या वर्षी, मोटार अपघातात त्या गेल्या.

सिनेमाच्या सुरुवातीलाच रोगाने चेहरा बिघडलेली एक बाई आरशात बघत असते. कॅमेरा तिच्यावरून हटत नाही, आपल्यालाही नजर वळवू देत नाही. पुढे या माणसांचं सगळं जगणं दिसतं. ती नमाज पढतात, जेवतात, केस विंचरतात, पोरं चेंडू खेळतात. वर्गात मास्तर एका मुलाला विचारतात, काही कुरूप गोष्टींची नावं सांग. मुलगा म्हणतो, हात, पाय, डोकं. आणि अख्खा वर्ग हसतो. त्या हसण्यात दुःख शोधायला गेलं तर सापडत नाही. ती फक्त मुलं असतात. मधेच एक पुरुषी आवाज शांतपणे सांगतो की हा रोग बरा होऊ शकतो. बाईंच्या स्वतःच्या आवाजात कवितेसारखे शब्द येतात, त्यात कुराण आणि जुन्या करारातले शब्दही मिसळलेले आहेत. चित्रीकरण संपल्यावर फुरूघ यांनी त्या वसाहतीतल्या एका मुलाला दत्तक घेतलं.

चंद्रपूर-गडचिरोलीत कुष्ठरोगाचे नवे रुग्ण आजही सापडतात. आपल्याच गल्लीत कुणीतरी अंगावरचा चट्टा लपवत असतं, मुलीचं लग्न मोडेल म्हणून दवाखान्यात जात नसतं. आनंदवन घरापासून तासाभरावर असूनही जे मला शाळेत कुणी शिकवलं नाही ते तबरीझच्या एका सिनेमाने शिकवलं. लांबच्या सिनेमाचा हा एक उपयोग: जवळची गोष्ट, जिच्याकडे आपण मान फिरवतो, ती तो समोर आणून ठेवतो.

दुसरा सिनेमा सौदी अरेबियाचा. हैफा अल-मन्सूर यांचा 'वज्दा' २०१२ साली आला. संपूर्णपणे सौदीतच चित्रित झालेला हा पहिला कथापट. रियाधमधल्या दहा वर्षांच्या वज्दाला सायकल हवी आहे, म्हणजे शेजारच्या अब्दुल्लाबरोबर शर्यत लावता येईल. मुलींनी सायकल चालवायची नसते असं सगळे सांगतात. मग ती पैशांसाठी शाळेतल्या कुराण पठणाच्या स्पर्धेत उतरते. तिच्या अम्मीची गोष्ट याच घरात चालू असते: मुलगा हवा म्हणून नवरा दुसरं लग्न करेल या भीतीत ती जगते आहे. रस्त्यावरच्या प्रसंगांत दिग्दर्शिकेला पुरुष सहकाऱ्यांसोबत उघडपणे काम करता येत नव्हतं, म्हणून व्हॅनमध्ये बसून वॉकीटॉकीवरून त्या सूचना द्यायच्या. तेव्हा सौदीत सिनेमा थिएटरं नव्हती. ती २०१८ मध्ये पुन्हा सुरू झाली.

हा सिनेमा बघून माझी मावसबहीण म्हणाली, "आपल्याकडे तर सरकारच सायकल देतं." खरं आहे. मानव विकास कार्यक्रमातून गडचिरोलीसारख्या जिल्ह्यांत आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली मिळतात आणि धानोरा-चामोर्शीच्या रस्त्यांवर सकाळी सायकलवरून शाळेला जाणाऱ्या मुली दिसतात. म्हणजे वज्दाला जी सायकल मिळवायला अख्खा सिनेमा लागला ती आपल्या मुलींच्या हातात आहे. पण बारावीनंतर काय? आमच्या गल्लीत अशा दोन सायकली मला माहीत आहेत. त्या भिंतीला टेकून उभ्या आहेत, चाकातली हवा गेलेली आहे. मुलींचं पुढचं शिक्षण थांबलं. सौदीकडे बघून आपण पुढारलेले आहोत असं वाटू लागतं, आणि नेमकं तेव्हाच आपण कुठे थांबलो हेही दिसतं.

तिसरे दिग्दर्शक सेनेगलचे उस्मान सेम्बेन. जन्म १९२३. फ्रान्समध्ये मार्सेच्या बंदरात त्यांनी हमाली केली, कादंबऱ्या लिहिल्या. पण आपल्या देशातल्या बहुतेकांना वाचता येत नाही, मग पुस्तकं पोचणार कुणापर्यंत, या विचाराने ते सिनेमाकडे वळले. सिनेमा ही आपल्या लोकांची रात्रशाळा आहे, असं ते मानत. झाडीपट्टीच्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागणार नाही.

'मूलादे' हा त्यांचा शेवटचा सिनेमा, २००४ चा. आफ्रिकेतल्या एका खेड्यात मुलींच्या खतन्याची प्रथा आहे. त्यातून पळालेल्या चार मुली कोले नावाच्या बाईकडे आसरा मागतात. ती दारात रंगीत दोरी बांधते. ही दोरी म्हणजे अभय, ती कुणी ओलांडायची नाही. कोलेने रेडिओवर एका मोठ्या इमामांचं म्हणणं ऐकलेलं असतं की धर्मात याची सक्ती नाही. मग गावचे पुरुष काय करतात? घराघरातून बायकांचे रेडिओ गोळा करून मशिदीसमोर ढीग रचतात आणि पेटवून देतात. भारतातही दाऊदी बोहरा समाजातल्या स्त्रियांनी या प्रथेविरुद्ध आवाज उठवला आहे. आपल्याकडे ही प्रथा नाही, म्हणून हा सिनेमा परका वाटेल असं मला वाटलं होतं. रेडिओचा ढीग बघितला आणि परकेपणा गेला. मुलगी जरा उलट बोलली की तिचा मोबाइल काढून घेणारी घरं आपण सगळ्यांनी पाहिली आहेत.

आता एक आक्षेप, जो मला गंभीर वाटतो. शिकलेली मुलं विचारतात, "मुसलमान समाजाची दुखणी दाखवली की परदेशात बक्षिसं मिळतात. आधीच आपली बदनामी कमी आहे का?" ही शंका उगाच येत नाही. हिंदी सिनेमात आपण एक तर बंदूक घेतलेले असतो, नाहीतर कव्वाली गात असतो. महोत्सवांनाही ठरावीक दुःखांची आवड असते. पण म्हणून सगळ्यांना एकाच तराजूत तोलू नका. इराणच्या असगर फरहादी यांचा 'अ सेपरेशन' बघा. २०११ चा सिनेमा, पुढच्या वर्षी ऑस्कर मिळालं, इराणचं पहिलं. तेहरानच्या एका सुशिक्षित कुटुंबात राझिये नावाची गरीब, धार्मिक बाई म्हाताऱ्या आजारी सासऱ्यांची देखभाल करायला येते. म्हातारबाबांचे कपडे खराब होतात तेव्हा परक्या पुरुषाला धुणं-पुसणं गुनाह तर नाही ना, हे ती फोन करून विचारून घेते. पुढे कोर्टकचेरी होते, घरात पैशांची निकड असते, आणि कुराणावर हात ठेवून शपथ घ्यायची वेळ येते. काय होतं ते सांगत नाही. इतकंच सांगते की या सिनेमात खलनायक कुणीच नाही, आणि श्रद्धेची चेष्टा करणारा एकही प्रसंग नाही. असं मुसलमान घर मी हिंदी पडद्यावर क्वचितच पाहिलंय.

आणि या लोकांनी काय सोसलं तेही बघा. जाफर पनाही यांना २०१० मध्ये तुरुंगवासाची शिक्षा आणि सिनेमा करण्यावर २० वर्षांची बंदी झाली. ते घरात बसून, गाडीत कॅमेरा लावून सिनेमे करत राहिले. २०२५ मध्ये कान महोत्सवाचं सर्वोच्च बक्षीस त्यांना मिळालं. त्यांच्या 'ऑफसाइड' मध्ये मुली मुलांचे कपडे घालून फुटबॉलचा सामना बघायला जातात. जो माणूस आपल्या देशातल्या मुलींना मैदानात जागा मागतो तो देशाची बदनामी करतो, असं मला म्हणवत नाही.

राहिला भाषेचा प्रश्न. सबटायटल बहुतेक इंग्रजीतच असतात, ही अडचण खरी आहे. पण फारसी आपल्याला वाटते तेवढी लांब नाही. फुरूघ यांच्या सिनेमाचं मूळ नाव 'खाने सियाह अस्त'. यातलं 'खाने' म्हणजे आपल्या दवाखान्यातलं, कारखान्यातलं 'खाना'. 'सियाह' हे आपल्या 'शाई'चं मूळ. उर्दू घरात असेल तर आणखीच सोपं. अब्बास किआरोस्तामी यांच्या १९८७ च्या सिनेमाच्या नावात 'दोस्त' आणि 'खाने' दोन्ही आहेत: मित्राची वही चुकून आपल्याकडे आली म्हणून एक मुलगा शेजारच्या गावात मित्राचं घर शोधत फिरतो. एवढीच गोष्ट.

आणि कित्येकदा भाषा लागतच नाही. मागच्या रमजान ईदनंतर आम्ही घरातले आठ जण माजिद मजिदी यांचा 'चिल्ड्रन ऑफ हेवन' बघायला बसलो. बहीण-भावात एकच बुटांची जोडी, तो शर्यतीत धावतो कारण तिसरं बक्षीस बूट आहेत. मी ओळी वाचून दाखवत होते. शर्यत संपली आणि दादी मला गप्प करत म्हणाल्या, "बस कर. पहिला आला बिचारा, आता बहिणीला काय तोंड दाखवील?" दादींना लिहिता-वाचता येत नाही.

म्हणून माझं सांगणं साधं आहे. महिन्यातून एक संध्याकाळ ठरवा. बल्लारपूर असो, घुग्घुस असो की आलापल्ली, कुणाच्या तरी घरची बैठक, एक लॅपटॉप किंवा टीव्ही पुरे. सिनेमा भाड्याने किंवा विकत घ्या, दहा जणांत वाटून खर्च फार येत नाही. एकाने सबटायटल हिंदीत किंवा मराठीत वाचून दाखवायची. घरातल्या बायकांना आणि मुलींना मागे चहा करायला ठेवू नका, त्यांना पुढे बसवा, कारण यातल्या बऱ्याच गोष्टी त्यांच्या आहेत. संपल्यावर अर्धा तास बोला. पहिल्यांदा 'चिल्ड्रन ऑफ हेवन', मग 'वज्दा', मग 'अ सेपरेशन'. 'मूलादे' लहान मुलांना सोबत घेऊन बघू नका, मोठ्यांनी मात्र चुकवू नका.

आणि 'द हाउस इज ब्लॅक' ज्या आठवड्यात बघाल त्याच आठवड्यात वरोऱ्याला जाऊन या. मी जाणार आहे. ते आजोबा आता नसतील, पण कुणी पाणी दिलं तर या वेळी घेईन.