दोन चुली, दोन वह्या

दोन भावांच्या चुली एक झाल्या की खर्च कमी होतो, असे आपल्याकडची वडीलधारी मंडळी सांगत आली आहेत. एकच दूधवाला, एकच मोलकरीण, दिव्याचे बिलही एकच. हिशेब बिनचूक आहे. पण एका भावाने मुलीच्या लग्नासाठी बाजूला टाकलेली रक्कम सामाईक डब्यात पडली, की त्याच चुलीपाशी भांड्याला भांडे लागू लागते.

सरकारचाही संसारच असतो. अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात अशी दोन बिऱ्हाडे होती. एक शिकार व मासेमारी यांवर देखरेख करणारे. त्याच्या नावात एके काळी कालवांनाही मान होता : ‘गेम, फिश अँड ऑयस्टर कमिशन’! दुसरे १९२३ साली निघालेले राज्य उद्यानांचे मंडळ. पहिल्याचे बरे चालले होते. ज्याला हरिण मारायचे, गळ टाकायचा, त्याने परवान्याची फी भरावी, अशी त्याची बांधीव मिळकत. दुसरे मात्र कायमचे ओढगस्तीचे. १९३० नंतरच्या मंदीत केंद्र सरकारने बेकार तरुणांना कामाला लावले आणि पालो ड्युरो कॅन्यनसारख्या उद्यानांतून रस्ते व दगडी घरे बांधून दिली. पण फुकट मिळालेले घर राखायलाही पैसा लागतो, आणि तो देताना विधिमंडळाचा हात आखडे.

१९६३ साली, जॉन कॉनली गव्हर्नर असताना, या दोघांचे एक खाते झाले. कॅन्सस राज्याने १९८७ साली हाच कित्ता गिरवला. एक कचेरी, एक प्रमुख, एक पाटी. कागदावर काटकसर झाली.

आता आमच्या वाचक भगिनी विचारतील, ‘मग थोरल्या जावेच्या पैशावर धाकटीचे भागू लागले असेल?’ तर तसे नाही! १९३७ सालच्या एका केंद्रीय कायद्याने बंदुका व काडतुसे यांवरील कराचा पैसा वन्यप्राण्यांच्या कामासाठी राज्यांना मिळतो. मंजूर कामाचा पाऊण खर्च केंद्राने सोसावा अशी योजना. पण अट कडक : शिकारीच्या परवान्यांची फी राज्याने दुसऱ्या कशालाही वळवायची नाही. वळवली, तर केंद्राचा पैसा बंद. म्हणजे हरणांच्या नावचा डॉलर उद्यानातल्या गळक्या छपराला लावता येत नाही. चूल एक झाली, वह्या दोनच राहिल्या.

ही अट जाचक वाटेल, पण मला ती शहाणपणाची वाटते. ती नसती, तर पुढच्याच तंगीत त्या पैशावर रस्ते झाले असते आणि पाणथळीतली बदके उपाशी राहिली असती. बदकांना मत नसते.

मग उद्यानांचे काय झाले? त्यांना स्वतःचा पैसा शोधावा लागला. १९६७ साली मतदारांनी साडेसात कोटी डॉलरांच्या कर्जरोख्यांना संमती दिली. १९९३ साली खेळाच्या सामानावरील विक्रीकराचा वाटा उद्यानांना द्यायचे ठरले. पण नावावर असलेला सगळा पैसा विधिमंडळ वर्षानुवर्षे हातात ठेवीना. अखेर २०१९ साली सुमारे ८८ टक्के मतदारांनी घटनेतच दुरुस्ती करून तो पैसा बांधून घेतला. खाती एक झाली त्याला तेव्हा छप्पन्न वर्षे झाली होती.

मराठीत ‘एकत्र’ आणि ‘एकजीव’ असे दोन शब्द आहेत. वर्गात मी त्यांतला फरक सांगतो तेव्हा मुले हसतात. तांदूळ आणि खडे एकत्र असतात. दूध आणि साखर एकजीव होते. सरकारी हुकुमाने खाती एकत्र येतात, एवढेच. रात्री चोरटे शिकारी हुडकणारा माणूस आणि तंबूत उतरलेल्या कुटुंबाला पाणी, संडास, सावली पुरवणारा माणूस, यांचे कसब वेगळे आहे. एकाच्या बदलीला दुसरा पाठवणे म्हणजे वाचवणे नव्हे.

म्हणून कोणतेही सरकार ‘खाती जोडतो, पैसा वाचवतो’ म्हणाले, की करदात्याने शांतपणे दोन प्रश्न विचारावेत. कमी काय होणार, खुर्च्या की कामे? आणि कोणाच्या नावचा पैसा कोणत्या वहीत जाणार? दोन्ही उत्तरे मिळाली, तर खुशाल चुली एक कराव्यात. न मिळाली, तर समजावे की झाडांचा आणि जनावरांचा वाटा कुणाच्या तरी ताटात पडणार आहे.