येवल्यात एक तास

आमच्या नात्यातले बरेच जण हल्ली युरोपची टूर करून येतात. गंमत म्हणजे आयफेल टॉवरचं कौतुक आता कुणी फारसं सांगत नाही. सांगतात ते नीसच्या जुन्या गल्लीबोळांतल्या एखाद्या छोट्याशा बेकरीबद्दल, किंवा व्हेनिसमध्ये गर्दी सोडून कुठल्यातरी मागच्या कालव्याकाठी तासभर नुसतं बसून राहिल्याबद्दल. "टूरवाल्यांना हे माहीतच नसतं गं!" हे वाक्य त्यात हमखास येतं. मला हे सगळं ऐकायला मनापासून आवडतं. भूमध्य समुद्राच्या काठची ती झगमगती गावं सोडून तिथली साधी, शांत जागा शोधावीशी वाटणं, ही चांगलीच गोष्ट आहे.

मात्र हीच मंडळी शिर्डीहून परतताना आमच्या येवल्याला येतात, ती बरोबर एका तासासाठी! नगर-मनमाड रस्त्यावर शोरूमसमोर गाडी लावायची, गादीवर बसायचं, तीसचाळीस पैठण्या उलगडायला लावायच्या, दोन घ्यायच्या, चहा प्यायचा आणि निघायचं. घरी जाऊन सांगायला मोकळे, की येवला झालं बघून :-)

आता कुणी म्हणेल, नीस कुठे आणि येवला कुठे! कबूल. पण झगमगाट आमच्याकडेही आहे बरं का. पैठणी हे नाव काढलं की बायकांचे (आणि पाकीट सांभाळणाऱ्या नवऱ्यांचे) चेहरे कसे बदलतात ते आठवा. २००४ साली टीव्हीवर 'होम मिनिस्टर' सुरू झालं आणि पैठणी घराघरातल्या गप्पांत आली. लग्नाचा बस्ता काढायला लांबलांबून लोक येवल्याला येतात. या झगमगाटावर गावातल्या कितीतरी घरांची चूल पेटते, त्यामुळे त्याला नावं ठेवायचा माझा विचार नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की त्या तासाभराच्या पलीकडे एक शांत येवला आहे, आणि ते लपलेलं अजिबात नाही. आपण तिकडे मान वळवत नाही, एवढंच.

सुरुवात पैठणीपासूनच करू. शोरूमच्या मागच्या बाजूला, गावातल्या गल्ल्यांत, अजून घराघरांत हातमाग आहेत. दुपारच्या वेळी गल्लीतून चालत गेलं तर फणीचा तो ठक्-ठक् आवाज येत राहतो. विचारून आत गेलात तर बहुतेक घरं नाही म्हणत नाहीत. तिथे पंधरा मिनिटं बसून पाहावं. ताण्याच्या रेशमातून साध्या अंगाला धोटा सरसर फिरतो, पण पदर आला की सगळा वेग संपतो. मोर असो, राघू असो की कमळ, त्यातल्या प्रत्येक रंगाची वेगळी छोटी कांडी. ती हाताने चार धाग्यांतून घालायची, शेजारच्या रंगाच्या धाग्यात अडकवायची, फणी ठोकायची, आणि मग पुढची कांडी. एका दिवसात पदर इंच-दोन इंच सरकला तरी काम झालं म्हणायचं. भरगच्च पदराच्या साडीला कित्येक महिने लागतात ते यामुळे.

हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की दोन गोष्टी होतात. एक म्हणजे हातमागाची पैठणी आपोआप ओळखता येऊ लागते. पदर उलटा करून बघायचा. नक्षी दोन्ही बाजूंनी सारखीच दिसायला हवी. पाठीमागे सुटे धागे लोंबत असतील किंवा कापलेले दिसत असतील, तर ते यंत्राचं काम. २०१० साली पैठणीला भौगोलिक मानांकन मिळालं हे खरं, पण आपल्याला साडी उलटी करून बघता आली नाही तर त्या मानांकनाचा काय उपयोग? आणि दुसरी गोष्ट, "जरा कमी करा की हो" हे शब्द तोंडातून निघेनासे होतात. मागावर वाकलेली ती मान पाहिल्यावर हजार रुपयांसाठी घासाघीस करायला जीभ उचलत नाही. माझ्या मते येवल्याला एक तासाऐवजी दोन तास देण्याचं एवढं कारणही पुरेसं आहे.

आता जरा अवघड विषय. येवल्यातली सगळ्यात शांत आणि सगळ्यात मोठी जागा कुठली, असं मला कुणी विचारलं तर मी मुक्तीभूमीचं नाव घेईन.

नाशिकला काळाराम मंदिराच्या प्रवेशासाठीचा सत्याग्रह २ मार्च १९३० रोजी सुरू झाला. तो पाच वर्षांच्या आसपास चालला, तरी दार उघडलं नाही. आणि मग १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्याच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जाहीर केलं, की हिंदू म्हणून जन्माला येणं आपल्या हातात नव्हतं, पण हिंदू म्हणून आपण मरणार नाही. नागपूरची दीक्षा झाली १४ ऑक्टोबर १९५६ला. म्हणजे येवल्याची घोषणा आणि नागपूरची दीक्षा यांच्यामध्ये एकवीस वर्षं आणि एक दिवस! या देशातल्या लाखो माणसांचं आयुष्य ज्याने बदललं, त्या निर्णयाचा उच्चार आमच्या या छोट्या गावात झाला.

दरवर्षी १३ ऑक्टोबरला तिथे दूरदूरहून माणसं येतात. एरवीच्या दिवशी मात्र शांतता असते. बसावं, विचार करावा, अशी जागा. पण पैठणीसाठी आलेल्या पाहुण्यांना मी जेव्हा जेव्हा "मुक्तीभूमीला जाऊन येऊ या का?" असं विचारते, तेव्हा उत्तरं ठरलेली असतात. "उशीर होतोय गं", "पुढच्या वेळी नक्की", आणि एकदा तर सरळच, "ते त्यांचं ठिकाण ना?"

त्यांचं म्हणजे कुणाचं? जे दार उघडलं नाही ते कुणाचं होतं? ते आपल्यासारख्यांनीच बंद ठेवलं होतं ना? मग ही जागा जेवढी त्यांची, तेवढीच आपलीही. किंबहुना तिथे जाऊन गप्प बसून यायची गरज आपल्याला जास्त आहे. नात्यातलीच माणसं हे वाचणार आहेत, काहींना राग येईल, हे ठाऊक आहे. तरी लिहिते. व्हेनिसमधल्या चर्चची माहिती फलक वाचून वाचून घेणाऱ्या माणसाला येवल्यातला हा एक फलक वाचायला वेळ नसतो, याचं कारण घड्याळात नाही.

तात्या टोपेही याच गावचे. १८१४चा त्यांचा जन्म येवल्याचा आणि १८ एप्रिल १८५९ला फाशी झाली ती तिकडे शिवपुरीला. १८५७चा धडा आपण सगळ्यांनी शाळेत पाठ केला, पण गाडी येवल्यात शिरताना त्यांची आठवण किती जणांना होते?

असो. गावाबाहेर निघू.

मनमाडच्या दिशेला अनकाई-टनकाई हे जोडकिल्ले आहेत. रेल्वेतून जाताना हजारो लोक ते खिडकीतून बघतात, उतरतात मात्र फार थोडे. पायथ्याच्या गावातून थोडं वर गेलं की टनकाईच्या पोटात जैन लेणी लागतात. खांबांवर, दारांवर केवढं नाजूक कोरीवकाम! तिथून खिंडीत चढायचं, की एका हाताला अनकाई, दुसऱ्या हाताला टनकाई. अनकाईवर अगस्ती ऋषींचं स्थान आहे, त्यामुळे भाविकांची ये-जा असते. पण एखाद्या साध्या मंगळवारी सकाळी गेलात तर वारा आणि तुम्ही, दोघंच.

आणि तालुक्याच्या ईशान्येला ममदापूर-राजापूरचा माळ. इथे काळविटं आहेत! अभयारण्याची कमान, जीपची रांग असलं काही मनात आणू नका. खुरटं गवत, उघडं रान आणि शेताच्या बांधापलीकडे एकदम उभा राहिलेला कळप. हा भाग संवर्धनासाठी राखीव आहे. पण हा अवर्षणाचा प्रदेश. उन्हाळ्यात पाणवठे आटले की कळप पाण्यासाठी वस्तीकडे, रस्त्याकडे येतात. कधी गाडीखाली सापडतात, कधी कुत्र्यांच्या तावडीत, कधी विहिरीत पडतात. ज्या शेतकऱ्याचं कोवळं पीक ती खातात, तोच पुष्कळदा त्यांच्यासाठी टाकीत पाणी ओततो. हे पाहायला मिळालं तर आपलं भाग्य समजावं.

इथे एक प्रश्न येतोच, आणि ब्लॉगवाले मित्र तो विचारतीलच. या शांत जागा अशा लिहून सांगितल्या तर त्या शांत राहतील का? शंका रास्त आहे. व्हेनिसने २०२४मध्ये ठरावीक दिवशी, फक्त दिवसभरासाठी येणाऱ्यांकडून पाच युरो प्रवेशशुल्क घ्यायला सुरुवात केली. म्हणजे 'येऊ नका' म्हणायची पाळी आली! येवल्यावर ती वेळ एवढ्यात येणार नाही :-) आमची अडचण उलटी आहे. आमच्याकडे गर्दी येते, पण ती एकाच रस्त्यावर येते आणि तिथूनच परत फिरते.

माझं मत असं, की जागा बिघडते ती आलेल्या माणसाच्या घाईने. ममदापूरला जाऊन गाडी काळविटांमागे पळवणारा एकच माणूस पुरे. उलट गाडी लांब थांबवून, दारं न आपटता, मुकाट्याने बघणारे पन्नास आले तरी माळाला त्याचा त्रास नाही. लेण्यांच्या खांबावर नाव कोरणारा एकच पुरे. विणकराच्या घरात न विचारता मोबाइल काढून शूटिंग सुरू करणारा एकच पुरे. म्हणून मी या जागा लपवून ठेवत नाही. फक्त सांगताना कसं जायचं तेही सांगते.

तर नातेवाईक मंडळी, पुढच्या वेळी बस्त्यासाठी येवल्याला याल तेव्हा आदल्या संध्याकाळीच या. पहाटे ऊन चढायच्या आत ममदापूर, नाहीतर अनकाई. दुपारी घरी पिठलं-भाकरी. मग एखाद्या मागाजवळ बसू, चार वाजता मुक्तीभूमीला जाऊ. साडी सगळ्यात शेवटी. तोवर तुमच्या डोळ्यांना पदराची पाठ वाचता येत असेल, आणि भावही कदाचित तुम्ही वेगळ्या आवाजात विचाराल.

मुक्कामाला जागा आहे. गाद्या गच्चीत वाळवून ठेवते.