दहा रुपयांत बसेल तेवढंच

मुंबईकरांच्या एका पिढीला ‘कॅम्पा कोला’ हे नाव पेयामुळे माहीत झालंच नाही. माहीत झालं ते वरळीतल्या अनधिकृत मजल्यांमुळे. प्युअर ड्रिंक्स या शीतपेय कंपनीच्या भूखंडावर इमारती उभ्या राहिल्या, परवानगीपेक्षा जास्त मजले चढले, आणि २०१३ साली सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेल्या त्या भांडणात ‘कॅम्पा कोला’ हा केवळ पत्ता होऊन बसला. बाटली कधीच दिसेनाशी झाली होती. २०२२ मध्ये रिलायन्सनं हे नाव प्युअर ड्रिंक्सकडून विकत घेतलं. किंमत सुमारे २२ कोटी रुपये, असं तेव्हा छापून आलं. वरळीत एवढ्या पैशांत फ्लॅट किती येतील, हा हिशेब वाचकांनी करून पाहावा.

मार्च २०२३ मध्ये कॅम्पा बाजारात परतला. जाहिरातीत जुन्या आठवणींचा सूर होता, पण दुकानदारानं बाटली ठेवून घेतली ती आठवणींसाठी नव्हे. २०० मिलीची बाटली १० रुपयांना होती आणि दुकानदाराला सुटणारं मार्जिन इतरांपेक्षा जास्त होतं. कोक आणि पेप्सीची छोटी बाटली तेव्हा सर्रास २० रुपयांना जायची. बघता बघता त्यांनाही १० रुपयांच्या बाटल्या पुढे कराव्या लागल्या.

यातली गंमत इतिहासात आहे. प्युअर ड्रिंक्स ही मुळात कोका-कोलाच भारतात भरून विकणारी कंपनी. १९७७ मध्ये जनता सरकारच्या काळात, जॉर्ज फर्नांडिस उद्योगमंत्री असताना, कोका-कोलानं देश सोडला आणि भरायला कोक उरलं नाही म्हणून कॅम्पा जन्माला आला. त्याच पोकळीत रमेश चौहानांच्या पार्लेनं ‘थम्स अप’ आणलं. १९९३ मध्ये कोक परत आलं तेव्हा त्यानं थम्स अप, लिम्का, गोल्ड स्पॉट आणि माझा ही नावंच विकत घेतली. थम्स अप संपवायला घेतलंय, असं तेव्हा अनेकांना वाटलं होतं. २०२१ मध्ये भारतातल्या विक्रीत त्यानं एक अब्ज डॉलरचा टप्पा ओलांडल्याचं खुद्द कोका-कोलानंच पुढे जाहीर केलं.

भारतीय खाद्य-पेय उद्योगात गुंतवणुकीला किती वाव आहे, यावर दर वर्षी जाडजूड अहवाल निघतात, परिषदा भरतात, सामंजस्य करारांवर सह्या होतात. त्यात लाखो कोटींचे आकडे असतात. या उद्योगाचं खरं माप मात्र दहा रुपयांची नोट आहे. कोणाही गुंतवणूकदाराला शेवटी एकाच प्रश्नाचं उत्तर द्यावं लागतं: हे दहा रुपयांत बसतं का?

प्रश्न वाटतो तितका क्षुल्लक नाही. केंद्र सरकारच्या २०२२-२३ च्या कौटुंबिक खर्चाच्या पाहणीत ग्रामीण कुटुंबाचा खाण्यावरचा खर्च एकूण खर्चाच्या निम्म्याखाली, ४६ टक्क्यांच्या आसपास आला. त्यात सर्वांत मोठा वाटा कशाचा? धान्याचा नाही, दुधाचा नाही, भाजीचाही नाही. पेयं, तयार आणि प्रक्रिया केलेले पदार्थ यांचा: गावात ९.६ टक्के, शहरात १०.६ टक्के. टपरीवरचा चहा, बाहेरून आणलेला वडापाव, बिस्किटाचा पुडा, शेवेचं पाकीट, सगळं यात आलं. गावातलं कुटुंब आता भाजीपेक्षा या गोष्टींवर जास्त खर्च करतं. याबद्दल डॉक्टरांनी काळजी करावी, तशी ते करतातही. पैसेवाल्यांना मात्र त्यात बाजार दिसतो.

हा बाजार पाच आणि दहाच्या खिळ्यांवर टांगलेला आहे. गहू, साखर, पामतेल महागलं की पुड्याची किंमत वाढत नाही, आतला माल कमी होतो. सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटीची फेररचना झाली, बिस्किटं १८ टक्क्यांवरून आणि फरसाण १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आलं, तेव्हा हा खिळा किती घट्ट आहे ते दिसलं. कर उतरला म्हणून पाच रुपयांचा पुडा साडेचार रुपयांना द्यायचा, तर सुटे पैसे आणायचे कुठून? काही पाकिटांवर खरंच ४ रुपये ४५ पैसे अशा किमती आल्या आणि दुकानदारांनी कपाळाला हात लावला. किमती पूर्ववत ठेवून आत थोडा जास्त माल भरावा, हाच कंपन्यांचा आग्रह होता. भारतीय ग्राहकाची महागाईही ग्रॅममध्ये येते आणि स्वस्ताईही.

मग पैसा लावणारे काय विकत घेतात? हल्दीरामचंच बघा. १९३७ साली बिकानेरात सुरू झालेलं भुजियाचं दुकान. घराण्याची एक पाती कोलकात्यात, एक दिल्लीत, एक आपल्या नागपुरात रुजली. दिल्ली आणि नागपूर या शाखांनी पाकीटबंद मालाचा धंदा एकत्र केला आणि मार्च २०२५ मध्ये सिंगापूर सरकारच्या टेमासेक या गुंतवणूक कंपनीनं त्यात दहा टक्क्यांच्या आतबाहेर हिस्सा घेतला. कंपनीची एकूण किंमत धरली गेली सुमारे १० अब्ज डॉलर. शेव तळण्याची यंत्रं कोणालाही मिळतात, बेसन सगळीकडे मिळतं. टेमासेकनं पैसे मोजले ते नेपाळच्या सीमेपासून कन्याकुमारीपर्यंतच्या दुकानांत टांगलेल्या पाकिटांच्या माळांसाठी, आणि ग्राहकाच्या जिभेला लागलेल्या सवयीसाठी.

गेल्या दोनेक दशकांतले मोठे सौदे याच चालीचे आहेत. नॉर्वेच्या ओर्कलानं २००७ मध्ये बंगळुरूची एमटीआर घेतली. आयटीसीनं २०२० मध्ये बंगालची सनराइज मसाला कंपनी घेतली. २०२२ मध्ये डाबरनं मुंबईच्या बादशाह मसाल्यातला ५१ टक्के हिस्सा ५८७ कोटींना घेतला. ‘चिंग्ज सीक्रेट’च्या चटण्या आणि नूडल्स बनवणाऱ्या कॅपिटल फूड्ससाठी टाटांनी २०२४ मध्ये ५,१०० कोटी रुपये ठरवले. प्रत्येक ठिकाणी खरेदी चवीची आणि वितरणाची. शेताकडे जाणारा रुपया यात शोधावा लागतो.

शेताकडे पाहायचं तर विदर्भातल्या संत्र्याकडे पाहावं. अमरावतीच्या वरुड-मोर्शीपासून नागपूरच्या काटोल-नरखेडपर्यंतचा हा पट्टा. ‘इथे ज्यूसचा कारखाना का नाही?’ हा प्रश्न विदर्भात दर निवडणुकीत विचारला जातो आणि दर निवडणुकीत एखादा कारखाना जाहीरही होतो. पतंजलीच्या फूड पार्कचं भूमिपूजन नागपूरच्या मिहानमध्ये सप्टेंबर २०१६ मध्ये झालं. उद्घाटन व्हायला मार्च २०२५ उजाडला. दिवसाला ८०० टन संत्र्यांवर प्रक्रियेची क्षमता सांगितली गेली.

उशिराचं खापर कोणाच्याही माथी फोडता येईल, पण मुळातली अडचण फळात आहे. नागपुरी संत्रं हे सोलून खायचं फळ आहे. साल सैल, फोडी सुट्या, आंबटगोड चव अशी की तोड नाही. त्याचा रस काढून ठेवला की मात्र काही वेळानं तो कडवट होतो. लिमोनिन नावाचं द्रव्य त्याला कारण. घरी काढलेला रस लगेच पितात, म्हणून कळत नाही. बाटलीत भरला की कळतं. शिवाय बिया. ब्राझीलमध्ये रसाचा उद्योग उभा राहिला तो व्हॅलेन्सियासारख्या, खास रसासाठी लावलेल्या वाणांवर. त्या रसाचा घट्ट अर्क जगभर जातो, भारतातही येतो, आणि पाणी-साखर मिसळून विदर्भातल्या दुकानांतही विकला जातो.

म्हणजे आधी वाण हवा, मग बाग, मग कारखाना. आपल्याकडे फीत आधी कापली जाते. संत्र्याची बाग नीट धरायला पाच-सहा वर्षं लागतात. गुंतवणूक फंडांना साधारण तेवढ्याच काळात पैसे काढून बाहेर पडायचं असतं. सरकारची मुदत पाच वर्षांची. या तिघांची पत्रिका जुळत नाही, आणि मधल्या मध्ये शेतकरी बांगलादेशच्या आयात शुल्काकडे डोळे लावून बसतो. ते शुल्क वाढत वाढत २०२३ मध्ये किलोला ८८ रुपयांवर गेलं. निर्यात कोसळली, आणि निम्मा भार उचलण्याची घोषणा राज्य सरकारला करावी लागली.

त्यात कराची तऱ्हा. सप्टेंबर २०१४ मध्ये कर्नाटकातल्या तुमकुरूला फूड पार्कच्या उद्घाटनात पंतप्रधानांनी शीतपेय कंपन्यांना पाच टक्के फळांचा रस मिसळण्याचं आवाहन केलं होतं. कल्पना वाईट नव्हती. आज फळांचा रस घातलेल्या फसफसत्या पेयावर कोलाइतकाच, म्हणजे ४० टक्के जीएसटी आहे. तोच रस बुडबुड्यांशिवाय विकला तर ५ टक्के. संत्र्याला कोलाच्या बाटलीत शिरायचा रस्ता दाखवला, आणि दारात नाका बसवला.

आंब्याची कथाही दहा रुपयांपाशीच येते. माझा, स्लाइस, फ्रूटीच्या बाटलीत मुख्यत्वे तोतापुरी असतो. आंध्रातलं चित्तूर, तमिळनाडूतलं कृष्णगिरी हे त्याचे पट्टे. कोकणातला हापूस त्या हिशेबात बसूच शकत नाही, आणि कोकणानं त्याचं वाईट वाटून घेऊ नये. २०२५ च्या हंगामात चित्तूरला काय झालं ते आठवावं. माल अमाप आला, पल्प काढणाऱ्यांकडे आधीचाच साठा पडून होता, भाव कोसळले. आंध्र सरकारनं किलोला १२ रुपये ठरवले: ८ कारखान्यानं द्यायचे, ४ सरकारनं. प्रक्रिया उद्योग आला की शेतकऱ्याचा भाव आपोआप सुधारतो, असं भाषणात सांगणाऱ्यांनी चित्तूरची एक चक्कर मारावी. तिथे पल्पचे कारखाने दशकांपासून आहेत.

भाषणांतला आणखी एक आवडता आकडा म्हणजे ‘चाळीस टक्के फळं-भाज्या सडून जातात’. नाबार्डच्या सल्लागार कंपनीनं २०२२ मध्ये दिलेल्या अहवालात फळांचं काढणीनंतरचं नुकसान ६ ते १५ टक्के निघालं, सर्वांत जास्त पेरूचं. सगळ्या शेतमालाच्या नुकसानीची मिळून किंमत तरीही वर्षाला सुमारे १.५३ लाख कोटी रुपये होते. खरा आकडाच पुरेसा भीतिदायक असताना तो फुगवायची हौस कशाला, कोण जाणे.

सरकारी योजनांबद्दल फार लिहिण्यात अर्थ नाही. २००८ पासूनची मेगा फूड पार्क योजना (आपल्याकडे सातारा, पैठण, वर्धा) केंद्रानं एप्रिल २०२१ पासून गुंडाळली. मोठ्यांसाठी १०,९०० कोटींची उत्पादनाशी जोडलेली प्रोत्साहन योजना आली, छोट्यांसाठी ३५ टक्के, कमाल १० लाखांपर्यंत अनुदानाची सूक्ष्म उद्योग योजना. या दुसरीतून जिल्ह्याला एक पदार्थ वाटून दिला गेला: कोल्हापूरला गूळ, सांगलीला बेदाणा, बीडला सीताफळ, सोलापूरला ज्वारी. सोलापुरात बायकांनी कडक भाकरीचा धंदा त्याआधीच उभा केला होता. ती टिकते, मोडत नाही अशी बांधता येते आणि कुरियरनं पुण्या-मुंबईला जाते. तिला कोणताही अहवाल लागला नाही.

वाइनचा धडा वेगळा. नारायणगावची शातो इंडाज ही शामराव चौगुले यांची कंपनी ऐंशीच्या दशकात फेसाळती वाइन युरोपात विकत होती. पुढे परदेशात खरेदीचा सपाटा लावला, कर्ज चढलं आणि ती बुडाली. नाशिकची सुला डिसेंबर २०२२ मध्ये ३५७ रुपयांना शेअर बाजारात आली. पुढे भाव त्याच्या बराच खाली गेला. त्याआधी, जानेवारी २०२२ मध्ये, सुपरमार्केटात वाइन ठेवायचा निर्णय राज्य सरकारनं घेतला, अण्णा हजारेंनी उपोषणाचा इशारा दिला, आणि निर्णय कागदावर राहिला. दारूच्या आसपासच्या धंद्यात पैसे लावणाऱ्यानं पावसाबरोबर मंत्रिमंडळाचाही अंदाज घ्यावा.

नाशिकमध्येच, दिंडोरी तालुक्यातल्या मोहाडीला, उलट्या टोकानं सुरू झालेलं काम आहे. राहुरीच्या कृषी विद्यापीठातून एम.टेक. झालेले विलास शिंदे यांनी शेतीत तोटा सोसून झाल्यावर काही शेतकऱ्यांना घेऊन द्राक्ष निर्यात सुरू केली. २०१० मध्ये नाशिकची द्राक्षं युरोपात क्लोरमेक्वाट या संजीवकाच्या अंशामुळे अडकली. निर्यातदारांचं कंबरडं मोडलं. त्याच सुमारास सह्याद्री फार्म्स ही शेतकरी उत्पादक कंपनी आकाराला येत होती. तिथला क्रम बघण्यासारखा आहे. आधी बागेतल्या प्रत्येक फवारणीची नोंद आणि अंशांची तपासणी, मग पॅकहाउस, मग टोमॅटो, आंबा, पेरूवर प्रक्रिया. द्राक्षाचा थॉमसन वाण जुना झाला तेव्हा परदेशात पैदास झालेले ‘आरा’ मालिकेतले हक्कसंरक्षित वाण रॉयल्टी मोजून आणले. मोफत मिळणारी काडी सोडून पैसे देऊन काडी लावायची, हे शेतकऱ्याच्या गळी उतरवणं सोपं नव्हतं. विदर्भाला संत्र्यात जे करायचं आहे ते नाशिकनं द्राक्षात असं केलं.

सप्टेंबर २०२२ मध्ये सह्याद्रीच्या प्रक्रिया कंपनीत इन्कोफिन, कोरिस, एफएमओ आणि प्रोपार्को या चार युरोपीय संस्थांनी मिळून ३१० कोटी रुपये घातले. यातल्या एफएमओ आणि प्रोपार्को या नेदरलँड्स आणि फ्रान्सच्या विकास वित्तसंस्था. त्यांना तिमाही निकालांची घाई नसते. पैसा कुठे लावायचा, तेही तेव्हाच सांगितलं गेलं: फळं-भाज्यांच्या प्रक्रियेची क्षमता वाढवायची, पॅकहाउस बांधायचं आणि कारखान्यातून निघणाऱ्या टाकाऊ मालापासून वीज तयार करायची.