आधी सिनेमा, मग पैसे?

पायल कपाडियाच्या ‘ऑल वी इमॅजिन अ‍ॅज लाइट’मधल्या पार्वतीला नवऱ्यामागे कागदपत्रं नाहीत म्हणून मुंबईतलं घर सोडावं लागतं. नालासोपाऱ्यात अशा पार्वती मला रोज भेटतात. २०२४ साली कानमध्ये ग्रां प्री मिळवणाऱ्या या सिनेमासाठी पैसा मात्र रॉटरडॅमचा ह्युबर्ट बाल्स निधी, फ्रान्स असा कुठकुठून जमवावा लागला.

आपलं सरकार मराठी सिनेमाला अनुदान देतं, पण सिनेमा पुरा झाल्यावर, परीक्षण करून, दर्जा ठरवून. म्हणजे आधी घर गहाण टाका! आणि घर बाईच्या नावावर असतं कुठे?

केरळच्या चित्रपट विकास महामंडळाने २०१९ साली योजना काढली: बाईची संहिता निवडायची, दीड कोटीपर्यंत खर्च महामंडळाने करायचा. मग आपल्याला अडचण कसली? बायका पैसे बुडवतील ही? आमच्या बचत गटांच्या वह्या तपासायला या म्हणावं, विरार लोकलने.