ग्रंथसंग्रह : कलेतिहासाचा सचित्र ग्रंथ कसा निवडावा?

सुशिक्षित कुटुंबाच्या ग्रंथसंग्रहात शब्दकोश असतो, ज्ञानेश्वरी असते, एखादा वैद्यकावरील ग्रंथही असतो. परंतु चित्रशिल्पांचा साद्यंत इतिहास सांगणारा ग्रंथ क्वचितच आढळतो. ज्या घरी तो घ्यावयाचे ठरते, तेथेही निवड बहुधा वेष्टनावरील चित्र आणि कागदाची तकाकी पाहूनच होते. वस्तुतः हा ग्रंथ स्वस्त नसतो, वारंवार घेतला जात नाही आणि आजोबांपासून नातवंडांपर्यंत सर्वांच्या हाती जातो. लग्नाच्या शालूची निवड करताना आपण जितकी चिकित्सा करतो, तिच्या चौथाईने तरी ती येथे व्हावी, अशी आमची सूचना आहे. हल्ली कोणतेही चित्र मोबाइलच्या पडद्यावर क्षणात दिसते, हे खरे. पण कोणत्या चित्रामागून कोणते आले आणि का आले, ही संगती तेथे लागत नाही. ती चांगला ग्रंथच लावून देतो.

पहिली कसोटी मजकूर व चित्र यांच्या सान्निध्याची. इटलीतील जॉर्जो वासारी याने १५५० साली कलावंतांची चरित्रे प्रसिद्ध केली. १५६८ च्या वाढविलेल्या आवृत्तीत त्या कलावंतांचे चेहरे लाकडी ठशांनी छापले गेले. त्यांच्या कृतींची चित्रे मात्र नव्हती. वाचकाने सारे कल्पनेनेच पाहावयाचे! याच्या उलट, ई. एच. गॉम्ब्रिक यांचा १९५० साली लंडनमध्ये निघालेला 'द स्टोरी ऑफ आर्ट' हा ग्रंथ पाहावा. ज्या कृतीचे चित्र ग्रंथात देता येणार नाही तिच्याविषयी शक्यतो लिहावयाचे नाही, असा नियम या लेखकाने स्वतःस घालून घेतला. १९९५ साली त्याची सोळावी आवृत्ती निघाली. दुकानात ग्रंथ हाती घेतल्यावर मधलेच एखादे पान वाचावे. चर्चा ज्या चित्राची आहे ते शोधण्यास चार ठिकाणी पाने उलटावी लागली, तर तो ग्रंथ कपाटाची शोभा वाढविण्यापुरताच राहील, हे निश्चित समजावे.

दुसरी कसोटी मापांची. लिओनार्दोची 'मोनालिसा' केवळ ७७ सेंटिमीटर उंच व ५३ सेंटिमीटर रुंद आहे. रेम्ब्रांटचे १६४२ सालचे 'नाइट वॉच' साडेतीन मीटरांहून उंच व सव्वाचार मीटरांहून रुंद आहे. छापील पानावर मात्र दोन्ही तळहाताएवढीच! घारापुरीचा सुमारे तीन पुरुष उंचीचा सदाशिव आणि मांडीवर ठेवून पाहावयाचे मोगल लघुचित्र यांचीही तीच गत होते. म्हणून चित्राखाली कर्ता, काल, माध्यम, माप आणि कृती आज कोठे आहे, हे पाचही तपशील ज्या ग्रंथात असतील तोच घ्यावा. मुलांनी खडूने अंगणात ते माप आखून पाहिले, तर व्याख्यानाने न उमजणारी गोष्ट त्यांना त्या चौकोनात उभे राहून उमजेल.

तिसरी कसोटी रंगांची. व्हॅटिकनमधील सिस्टाइन प्रार्थनामंदिराचे छत मायकेलअँजेलोने १५०८ ते १५१२ या काळात रंगविले. पुढे काजळीने व जुन्या लेपांनी ते काळवंडले. १९८० ते १९९४ या काळात ते छत व तेथील 'अंतिम निवाडा' हे भित्तिचित्र स्वच्छ करण्यात आले, तेव्हा तेजस्वी पोपटी, नारिंगी व जांभळे रंग प्रकट झाले. स्वच्छता अति झाली, असा आक्षेपही काही तज्ज्ञांनी घेतला. वाद कसाही असो, जुनी छायाचित्रे पाहून या चित्रकाराचे रंग मंद होते असे जे मत होई, ते आता टिकत नाही. तेव्हा ग्रंथ कोणत्या साली छापला एवढेच न पाहता त्यातील छायाचित्रे केव्हाची आहेत हेही पाहावे.

आपल्या अजिंठ्याची कथा याहून करुण आहे. रॉबर्ट गिल याने वर्षानुवर्षे खपून केलेल्या बहुतेक प्रतिकृती १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधील आगीत जळाल्या. १८७२ पासून जॉन ग्रिफिथ्स व मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे विद्यार्थी यांनी नव्या प्रती केल्या. त्यांतीलही पुष्कळ १८८५ साली लंडनमध्येच आगीच्या भक्ष्यस्थानी पडल्या. तरीही ग्रिफिथ्सचे दोन भव्य खंड १८९६-९७ साली निघाले, म्हणून ते रंग ग्रंथरूपाने घरोघरच्या रसिकांना पाहता आले. चित्र छापणे म्हणजे नुसती सजावट नव्हे, ते एक प्रकारे मूळ कृतीचे रक्षण आहे, हे यावरून ध्यानी यावे.

आता एका नाजूक प्रश्नाकडे वळतो. अशा ग्रंथांत विवस्त्र आकृती असतात. ते मुलांच्या हाती द्यावे की नाही, अशी शंका वडीलधाऱ्यांना येते. ही शंका जुनीच आहे. मायकेलअँजेलो वारल्यावर, १५६५ साली, 'अंतिम निवाड्या'तील आकृतींवर दानिएले दा व्होल्तेर्रा या चित्रकाराकडून वस्त्रे रंगवून घेण्यात आली. लोकांनी त्या बिचाऱ्यास 'विजारवाला' हे नाव ठेवले आणि पुढे त्याच नावाने तो स्मरणात राहिला! अजिंठा-वेरूळची लेणी पाहावयास आपण मुलांना सहलीस नेतोच. मग ग्रंथाचेच भय का बाळगावे? काटछाट केलेला ग्रंथ घेण्यापेक्षा अखंड ग्रंथ घ्यावा आणि प्रथम एखाद्या वडील माणसाने मुलांसह बसून तो पाहावा. लपविलेले पान मुले हमखास शोधून काढतात. समजावून दिलेले पान मात्र ती सहज उलटून पुढे जातात.

शेवटची व आमच्या मते सर्वांत महत्त्वाची कसोटी ही, की ग्रंथ कोणाचा इतिहास सांगतो? गॉम्ब्रिक यांच्या ग्रंथाचे गुण आम्ही वर सांगितले. पण त्यात भारतास फारच थोडी जागा आहे आणि स्त्री-कलावंत तर जवळजवळ नाहीतच. एच. डब्ल्यू. जॅन्सन यांच्या १९६२ सालच्या गाजलेल्या इतिहासाच्या प्रथमावृत्तीतही एकाही स्त्रीस स्थान नव्हते. केटी हेसेल यांनी २०२२ साली केवळ स्त्रियांच्या कलेचा इतिहास लिहिला, तो या उणिवेवर बोट ठेवण्यासाठीच. असा एकच ग्रंथ घरात असला, तर कला म्हणजे इटली-फ्रान्स आणि आपल्या देवळातील मूर्ती म्हणजे केवळ रूढी, असा ग्रह मुलांच्या मनात नकळत रुजतो. लेकीसुनांनाही आपल्या हातची कला इतिहासात बसत नाही असे वाटू लागते. हे नुकसान पैशांत मोजता येण्यासारखे नाही.

म्हणून आमचा अभिप्राय असा, की जगाचा एक व भारताचा एक, असे दोन मध्यम आकाराचे ग्रंथ घ्यावेत; एकाच अवजड ग्रंथावर सारा खर्च करू नये. भारतासाठी आनंद कुमारस्वामी यांचा १९२७ सालचा इतिहास अभ्यासूंना आजही उपयोगी आहे. घरातील सर्वांसाठी मात्र विद्या देहेजिया यांचा १९९७ सालचा किंवा पार्थ मित्तर यांचा २००१ सालचा 'इंडियन आर्ट' अधिक सोयीचा. दोन्हींत प्राचीन काळापासून विसाव्या शतकापर्यंतचा प्रवाह आढळतो. शक्य असल्यास प्रथम ग्रंथालयातून आणून महिनाभर घरात ठेवावा. ज्याची पाने कोणी न सांगता उलटली जातील, तोच विकत घ्यावा. आणि घेतल्यावर तो कुलूपबंद कपाटात ठेवू नये. मुलांचा हात पोहोचेल अशा फळीवर ठेवावा. कोपरे दुमडले तरी चालतील.