जैवखुणा आणि दारव्हा
स्तनकर्करोगात मृत्यू ओढवतो तो बहुधा मूळ गाठीने नव्हे, तर तिच्यातून सुटून यकृतात, फुप्फुसांत वा हाडांत रुजणाऱ्या पेशींमुळे. या पेशी फिरत्या होताना त्यांना परस्परांशी जोडणारे ई-कॅडहेरिन हे प्रथिन घटते आणि व्हायमेंटिन वाढते, म्हणून ही प्रथिने या स्थित्यंतराच्या जैवखुणा मानली जातात. मात्र हे स्थित्यंतर अनेकदा अर्धवट आणि उलटणारे असते, शिवाय व्हायमेंटिन निरोगी संयोजी ऊतीतही आढळते, त्यामुळे एवढ्यावर उपचार ठरवणे घाईचे होईल. याउलट, टाटा स्मारक केंद्राच्या मुंबईतील २० वर्षांच्या, २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी केलेल्या हाततपासणीने पन्नाशीपुढील स्त्रियांतील या रोगाचे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी घटले. म्हणून यवतमाळ जिल्ह्यातील दारव्हा तालुक्याला आधी हवी आहे ती हीच तपासणी.