कोणता पाय, किती वाजता?

गेल्या सोमवारी पिपरी मेघेतल्या आमच्या गल्लीतल्या एका तरुणाचं डिस्चार्ज कार्ड वाचलं आणि संताप आला. दुचाकीचा अपघात. निदान एका ओळीत: 'हिप डिसलोकेशन, रिडक्शन केले.' पाय उजवा की डावा, तेही नाही. केसपेपरवर मी लिहिलं की 'कागदानं हाड जुळत नाही' असं उत्तर येतं. ते देणाऱ्यांनी हे कार्ड वाचावं.

खुब्याचा गोळा वाटीतून बहुधा मागच्या बाजूला निखळतो. तो सहा तासांच्या आत बसवायचा असतो. उशीर झाला तर रक्तपुरवठा तुटून गोळ्याचं हाड मरण्याचा धोका वाढतो. म्हणून अपघाताची आणि सांधा बसवल्याची, दोन्ही वेळा हव्यात. निखळलेल्या गोळ्यानं सायटिक नस दुखावू शकते. पाऊल वर उचलता येतं का, हे बसवण्याआधी आणि नंतर लिहिलं नाही, तर लुळेपणा अपघाताचा की उपचाराचा, हे पुढे कोण सांगणार?

याच तरुणाच्या घरचा सातबारा बघा. गट क्रमांक, आरपर्यंत क्षेत्र, पीक, बँकेचा बोजा, शिवाय हक्क कशानं बदलला ते सांगणारा फेरफार. बापजाद्यांपासूनची उलथापालथ त्या कागदांवरून काढता येते. शेताची इतकी नोंद ठेवणाऱ्या राज्यात शेतकऱ्याच्या पोराच्या खुब्याला डावं-उजवंही मिळू नये?

कोडचंही तेच. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-१० मध्ये अपघातानं निखळलेला खुबा एस७३.०, जन्मतः निखळलेला क्यू६५, वारंवार निखळणारा सांधा एम२४.४ आणि कृत्रिम सांधा सरकला तर टी८४.०. नुसतं 'हिप डिसलोकेशन' लिहिलं तर रेकॉर्ड विभागानं यातला कोणता टाकायचा? अमेरिकेनं आपल्या आवृत्तीत बाजू आणि दिशा कोडातच घातली. एस७३.० मध्ये ती नाही, म्हणून डॉक्टरांनी ती शब्दांत लिहिणं अधिकच गरजेचं. जिथं नोंद अर्धवट, तिथं तपासणीही अर्धवट, असं माझं ठाम मत आहे.

सेवाग्राम आणि सावंगीत डॉक्टर घडतात. तिथल्या शिक्षकांनी इंटर्नच्या नोंदी रोज तपासाव्यात, ही विनंती. मोटार अपघाताच्या दाव्यात हेच कार्ड पुरावा म्हणून पुढे येतं.

वाचकहो, घरी निघण्याआधी कार्डावर बाजू, दोन्ही वेळा आणि पावलाची हालचाल लिहून घ्या. पूर्ण केसपेपरची प्रतही मागा. डॉक्टरांसाठीच्या २००२ च्या नियमावलीनुसार ती मागणीनंतर ७२ तासांत द्यावी लागते.